कोण किती उंचीवर?

दर काही महिन्यांनी ती चित्रफीत कुणीतरी पुन्हा पाठवतंच. सरळ, संथ चाललेलं चार इंजिनांचं अवजड बॉम्बर, डावीकडून वळत येऊन त्याच्या पाठीत घुसणारं छोटं लढाऊ विमान, दोन तुकडे, आगीचा लोळ. अमेरिकेत डॅलसच्या हवाई प्रदर्शनातला, दुसऱ्या महायुद्धातल्या दोन विमानांचा हा अपघात १२ नोव्हेंबर २०२२ चा, म्हणजे बातमी म्हणून केव्हाच शिळा. पण जगात कुठेही हवाई प्रदर्शनात विमान पडलं की ती फीत वर येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईला आपलं तेजस पडलं, वैमानिक गेला, तेव्हाही आली. आणि तिच्या पाठोपाठ तोच वाद. एक गट म्हणतो, ऐंशी वर्षांची खटारी उडवायचीत कशाला, संग्रहालयात ठेवा. दुसरा म्हणतो, धोका कशात नसतो? ती माणसं आवडीचं काम करता करता गेली, सोफ्यावर बसून सल्ले देणाऱ्यांनी गप्प बसावं. दोन्ही गटांत माझे मित्र आहेत आणि दोन्ही गट साप साप म्हणून भुई धोपटतायत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी युद्धविमानं उडावीत. पण ती उडवणं आणि त्यांचा खेळ मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीच्या पुण्याईवर सूट मिळता कामा नये. डॅलसच्या सहा मृत्यूंचा विमानांच्या वयाशी फारसा संबंध नाही, वैमानिकांच्या शौर्याशी तर मुळीच नाही. संबंध आहे तो एका साध्या प्रश्नाशी, जो उड्डाणाआधीच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवा होता: कोण किती उंचीवर राहणार?

त्या शनिवारी डॅलस एक्झिक्युटिव्ह विमानतळावर 'विंग्ज ओव्हर डॅलस' हे प्रदर्शन चालू होतं. आयोजक कमेमोरेटिव्ह एअर फोर्स. नावात 'एअर फोर्स' असलं तरी हे सरकारी दल नव्हे. १९५७ मध्ये टेक्ससमधल्या काही हौशी वैमानिकांनी एका मस्टँग विमानापासून सुरू केलेली, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी ही संस्था आहे. दुपारी हवेत आठ विमानं होती. तीन लढाऊ, पाच बॉम्बर. बॉम्बरांच्या पुढे बी-१७ 'टेक्सस रेडर्स', आत पाच माणसं. लढाऊ तिघांत शेवटचं पी-६३ किंगकोब्रा, आत एकटा वैमानिक. जमिनीवरून रेडिओवर सगळ्यांना सूचना देणारा जो माणूस असतो त्याला या धंद्यात 'एअर बॉस' म्हणतात. त्याने लढाऊ विमानांना सांगितलं, एकामागे एक व्हा, बॉम्बरांच्या पुढून या आणि प्रेक्षकांपासून ५०० फुटांवरच्या रेषेवर उडा. बॉम्बरांना सांगितलं, तुम्ही १००० फुटांवरच्या रेषेवर राहा. हे आकडे उंचीचे नाहीत, प्रेक्षकांपासूनच्या आडव्या अंतराचे आहेत. उंचीबद्दल ना आधीच्या बैठकीत काही ठरलं, ना हवेत असताना. वळणारं किंगकोब्रा बॉम्बरच्या डाव्या बाजूवर, पंखांच्या जरा मागे आदळलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यात दोष ठेवलाय तो आधी ठरवलेली, पुरेशी अशी विमानं वेगळी ठेवण्याची योजनाच नव्हती यावर. सगळी मदार दोन गोष्टींवर होती: एअर बॉसने त्या क्षणी सुचेल तशा दिलेल्या सूचना, आणि 'बघा आणि टाळा' हे तत्त्व. आता बघायचं म्हटलं तर किंगकोब्राचा वैमानिक डावीकडे कलून वळत होता, त्याच्या स्वतःच्या विमानाचाच भाग आड येत होता, शिवाय पुढच्या दोन विमानांच्या मागे नीट रांगेत राहायचं होतं. जे दिसणं शक्य नाही ते बघा आणि टाळा, असं सांगण्याला योजना म्हणतात का? पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी आपण जे करतो ते हेच, पण तिथे वेग ताशी पाच किलोमीटर असतो.

या अपघातातली एक गोष्ट दोन्ही गटांच्या नजरेतून सुटते. डॅलसला जमिनीवर एकालाही इजा झाली नाही. हजारोंच्या गर्दीसमोर दोन विमानं हवेत फुटली, अवशेष सगळीकडे पडले, आणि प्रेक्षकांपैकी कुणाला ओरखडासुद्धा नाही. हे नशीब नव्हतं. त्यामागे सत्तर वर्षांपूर्वीचा एक धडा होता. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमध्ये फार्नबरोला डीएच-११० हे नवंकोरं जेट हवेतच मोडलं आणि त्याची इंजिनं गर्दीत येऊन पडली. २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे असे ३१ जण मेले. त्याच दुपारी, धावपट्टी मोकळी केल्यावर, नेव्हिल ड्यूक या वैमानिकाने हंटर विमान उडवून कार्यक्रम पुढे चालू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खुद्द चर्चिल यांनी त्याला शाबासकीचं पत्र धाडलं. धैर्याची कथा म्हणून हा प्रसंग अजून सांगितला जातो. पण पुढे माणसं वाचली ती त्या धैर्याने नव्हे. वाचली ती त्यानंतर आलेल्या रुक्ष नियमांनी: गर्दीच्या डोक्यावरून उडायचं नाही, गर्दीच्या दिशेने कसरत करायची नाही, इतकं अंतर राखायचंच. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ ब्रिटनमधल्या प्रदर्शनात विमान पडून प्रेक्षक दगावला नाही. जिथे ते अंतर पाळलं गेलं नाही तिथे काय होतं, हे १९८८ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या रामश्टाइनने आणि २००२ मध्ये युक्रेनमधल्या लव्हीवने दाखवलं; दोन्ही ठिकाणी सत्तर किंवा त्याहून जास्त माणसं गेली. (आपल्याकडे तर विमान पडावंही लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरचं प्रदर्शन आकाशात बिनचूक पार पडलं आणि खाली ऊन, तहान आणि गर्दीने पाच जण मेले.)

म्हणजे डॅलसच्या त्या ५०० आणि १००० फुटांच्या रेषा फार्नबरोच्याच वंशातल्या. प्रेक्षकांसाठी नियम होता, प्रेक्षक वाचले. विमानांनी एकमेकांपासून किती उंचीने वेगळं राहायचं याला नियम नव्हता, ती सहा माणसं गेली. 'धोका कशात नाही?' असं विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न एवढाच, की ज्या धोक्याला कागदावरच्या एका ओळीने अटकाव झाला असता त्याला आकाशाचा जन्मजात धोका का म्हणायचं?

आता पहिल्या गटाकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं सगळंच मोडीत काढण्यासारखं नाही. धातू म्हातारा होतो, हे खरं. बी-१७ च्या पंखांचा भार ज्या मुख्य तुळयांवर असतो त्यांच्या जोडांमध्ये भेगा आढळल्यामुळे २०२३ मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाला या जातीच्या सगळ्याच विमानांची तपासणी सक्तीची करावी लागली. २०११ मध्ये नेवाडातल्या रीनो येथील शर्यतीत एक मस्टँग गर्दीसमोर कोसळलं, वैमानिकासह ११ जण गेले. तिथे शेपटीवरची एक छोटी झडप धरून ठेवणारे नट झिजलेले निघाले. जो नट पुन्हा वापरायचा नसतो तो पुन्हा वापरला की तो पकड सोडतो, हे कुठल्याही गॅरेजमधल्या पोऱ्याला ठाऊक असतं. पण याचा अर्थ काय? भेग तपासणीत सापडते. नट बदलता येतो. वय ही मोजता येणारी, वहीत नोंदवता येणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच जुन्या विमानाचा सगळ्यात कमी भयंकर भाग. कसरतीच्या मध्यावर आयत्या वेळी आलेली सूचना कुठल्या वहीत नोंदवणार?

दुसरा मुद्दा अधिक जड आहे. ही विमानं परत मिळायची नाहीत. महायुद्धात १२,७३१ बी-१७ बांधली गेली. आज उडण्याजोगी उरलीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. किंगकोब्रा ३,३०३ बांधली, त्यातली बहुतेक सोव्हिएत रशियाला दिली गेली, आणि उडणारी तीही मोजकीच. डॅलसला एका क्षणात दोन दुर्मीळ वस्तू नाहीशा झाल्या. उलट 'मेम्फिस बेल' हे नामांकित बी-१७ ओहायोतल्या हवाईदलाच्या संग्रहालयात छपराखाली उभं आहे आणि आणखी शंभर वर्षं उभं राहील. मग तेच का करू नये? जातीतलं एकुलतं एक उरलेलं विमान असेल तर मीही म्हणेन, उडवू नका. पण 'संग्रहालयात ठेवा' हे वाक्य आपण मराठी माणसांनी तरी इतक्या सहज म्हणू नये. १९७१ चं युद्ध गाजवलेली विक्रांत २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणूनच उभी होती ना? ती कुठे समुद्रात झुंजायला जात नव्हती, तिच्यावरून कुणी कसरती करत नव्हतं. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात विकली गेली, दारूखान्यात तुटली आणि तिच्या पोलादाचा अंश मोटारसायकलींत गेला. वस्तू एका जागी उभी करून ठेवली की ती टिकते हा समज आहे. टिकते ती पैसा, हात आणि कुणाचा तरी हट्ट असेल तोवर.

आणि हट्ट बहुतेक वेळा चालत्या यंत्राभोवतीच तयार होतो. महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर विमानं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उभी केली. त्यांतली काही पुण्याला लोहगावी सहाव्या स्क्वाड्रनमध्ये होती आणि भारतीय हवाईदलाने ही जात थेट १९६८ पर्यंत वापरली. सगळं जग विसरल्यावरही आपल्याकडे ती उडत होती म्हणून जगाला ती मिळाली: एक आज लंडनच्या हवाईदल संग्रहालयात आहे, एक ॲरिझोनातल्या पीमा संग्रहालयात, आणि एक अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं, जे त्यांनी वर्षानुवर्षं उडवलं. भारताने ती १९४६ मध्येच चबुतऱ्यावर चढवली असती तर आज गंजलेले पत्रे असते. इंजिन रोज सुरू करणारा फिटर लागतो, त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा लागतो. उभ्या विमानाला झाडू मारणारा माणूस पुरतो.

कॉलिंग्जचं नाव आलंच आहे तर तिसऱ्या मुद्द्याकडे वळू, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. 'आवडीचं काम करताना गेले.' प्रौढ माणसांनी स्वतःच्या जिवावर धोका पत्करला, त्यात इतरांनी बोलायचं काय? गिर्यारोहकाला आपण अडवत नाही, सह्याद्रीच्या कड्यांवर चढणाऱ्यांचं तर कौतुकच करतो. मान्य. पण २ ऑक्टोबर २०१९ ला कनेटिकटमध्ये ब्रॅडली विमानतळावर कॉलिंग्जचं बी-१७ 'नाइन-ओ-नाइन' कोसळलं तेव्हा आतल्या १३ जणांपैकी दहा प्रवासी होते, पैसे भरून फेरी मारायला आलेले. सात जण मेले, त्यांतले पाच प्रवासी. तपासात इंजिनांच्या मॅग्नेटोत, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्रात, आणि स्पार्क प्लगमध्ये दोष निघाले, देखभाल अपुरी ठरली, इंजिन गेल्यावरची वैमानिकाची हाताळणीही चुकली. त्या पाच प्रवाशांनी कशाला संमती दिली होती? बिघडलेल्या मॅग्नेटोला? २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरमच्या प्रदर्शनात एक हंटर जेट, फार्नबरोला ड्यूकने उडवलं त्याच जातीचं आणि आपल्या हवाईदलाने लोंगेवालाला वापरलं त्याच जातीचं, गिरकीच्या माथ्यावर हवी तेवढी उंची न गाठता खाली आलं आणि ए-२७ महामार्गावर आपटलं. ११ जण गेले. ते सगळे विमानतळाच्या आवाराबाहेर होते. कुणी कडेला थांबून बघत होता, कुणी नुसता रस्त्याने चालला होता. गंमत म्हणजे, गंमत कसली, वैमानिक वाचला. मग २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, २०२२ मध्ये मृत्युचौकशीत हे मृत्यू बेकायदा ठरले, आणि एका माणसाला दोष द्यायचा की नाही या भांडणात सात वर्षं गेली. वर्दळीच्या रस्त्याशेजारी जेटने गिरकी घ्यावी असा कार्यक्रम मुळात आखला कसा गेला, हा प्रश्न त्या मानाने हळू आवाजात विचारला गेला.

डॅलसच्या बॉम्बरमधली पाच माणसं प्रवासी नव्हती, संस्थेचीच होती. तरी विचारतो. उंची ठरलेली नाही हे माहीत असताना त्यांनी होकार दिला असता का? जो धोका सांगितलाच जात नाही त्याला मिळालेली संमती ही संमती नसते, तो विश्वास असतो. 'आवडीचं काम करताना गेले' हे वाक्य त्यांच्या घरच्यांनी म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. आयोजकांच्या वतीने इतरांनी म्हटलं की ते हात झटकणं होतं.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो प्रामाणिक आहे. चार इंजिनांचं बॉम्बर तासाला पिंपांनी पेट्रोल पितं. सुटे भाग हाताने घडवावे लागतात. सरळ रेषेत एक विमान जाताना बघायला किती लोक तिकीट काढतील? लोकांना आठ विमानं एकदम हवीत, खाली स्फोटांचा धूर हवा, मस्टँगने बॉम्बरला घेरलेलं हवं. कसरत नाही तर गर्दी नाही, गर्दी नाही तर विमान नाही. हा युक्तिवाद आपण ओळखतो. दहीहंडीच्या वेळी तो आपल्या दारात येऊन उभा राहिला होता. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीला वीस फुटांची मर्यादा आणि गोविंदांना अठरा वर्षांची अट घातली तेव्हा 'परंपरेवर घाला' म्हणून किती आरडाओरडा झाला! पण नऊ थरांची परंपरा कुणाच्या आजोबांनी पाहिली होती? थर वाढले ते बक्षिसांच्या रकमेबरोबर. पुढे २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली, वयाची अट चौदावर आली, २०२२ मध्ये सरकारने त्याला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांचा विमा उतरवला. यातलं बरोबर काय नि चूक काय, तो वेगळा लेख होईल. इथे मुद्दा एवढाच, की वारसा आणि तमाशा यांची गाठ इतकी घट्ट मारली जाते की तमाशाला हात लावला तरी वारसा ओरडतो. टेक्सस रेडर्सचा वारसा म्हणजे काय? ते यंत्र, त्याचा आवाज, तसल्याच विमानांत बसून जर्मनीवर गेलेल्या विशी-पंचविशीतल्या पोरांची आठवण. तीन लढाऊ विमानांनी त्याच्यासमोरून आयत्या वेळी रेषा बदलणं हा त्या वारशाचा कुठला भाग?

आणि कसरतीशिवाय लोक येत नाहीत, हेही पुरतं खरं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. एकट्याने, त्याच घराण्यातल्या लेपर्ड मॉथमधून. जुनं विमान, म्हातारा वैमानिक, पहिल्या गटाला घाम फुटावा असा योग. ना गिरकी, ना सलामी, ना आठ विमानांची दाटी. एक माणूस ठरल्या वाटेने आला आणि उतरला. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात यापेक्षा जास्त वेळा सांगितला गेलेला प्रसंग मला तरी आठवत नाही.

अर्थात साधं उडणंही जीव घेतं, हे मी लपवणार नाही. मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या हवाईदलाच्या स्मृती-ताफ्यातलं एक स्पिटफायर कॉनिंग्सबीजवळ पडलं आणि वैमानिक गेला. इतकी शिस्तीची, पदरी सरकारी अभियंते बाळगणारी तुकडी दुसरी नसेल, तरी हे झालं. त्यांनी ताफा जमिनीवर ठेवला, तपास केला, आणि पुन्हा उडवला. मला ते पटतं. नियमांनी धोका शून्यावर येतो असा दावा मी केलेला नाही. शोधून हटवता येईल तो धोका हटवल्यावर जो उरतो, तोच धैर्याच्या खात्यावर टाकावा, एवढंच माझं म्हणणं.

परवा यावरून वाद रंगला तेव्हा दुसऱ्या गटातल्या एका मित्राने मला थेट विचारलं, तुला फुकट फेरी मिळाली तर बसशील का बी-१७ मध्ये? बसेन. आधी इंजिनांच्या देखभालीची वही मागेन, पंखांच्या तुळया केव्हा तपासल्या ते विचारेन, आणि हवेत आणखी कुणी असणार असेल तर कोण किती उंचीवर, ते कागदावर बघेन. तो हसला, म्हणाला, इतके प्रश्न विचारलेस तर तुला विमानातून उतरवतील. मग उतरेन, म्हटलं. खालूनही आवाज चांगला ऐकू येतो.